गाडी विकली तरी नो क्लेम बोनस (एनसीबी) तुमचाच, फक्त त्यासाठी जुनी पॉलिसी चालू ठेवू नका

भांडुपहून एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"२०१९ मध्ये नवीन घेतलेली दीडशे सीसीची बाईक आहे. आजवर एकही क्लेम नाही, पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस दिसतो. ऑफिस आता बीकेसीला गेलं, कुर्ल्यापर्यंत ट्रेन आणि पुढे शेअर रिक्षा, त्यामुळे गाडी सोसायटीत नुसती उभी असते. कल्याणचा ओळखीतला एक जण घ्यायला तयार आहे. पॉलिसीचे सात महिने शिल्लक आहेत. तो म्हणतो इन्शुरन्स आहे तसाच राहू दे, संपला की बघू. मित्र म्हणतो गाडी दे पण पॉलिसी तुझ्याच नावावर दरवर्षी रिन्यू करत राहा, म्हणजे बोनस शाबूत राहील. एजंट म्हणतो बोनस गाडीबरोबर जातो, विसरून जा. दोनेक वर्षांनी मी पुन्हा बाईक घेणार आहे, किंवा बायकोच्या नावावर स्कूटर घेऊ. कोणाचं ऐकू?"

दादा, तिघांचंही ऐकू नका. तिघांमध्ये एजंटचं बोलणं मला जास्त खटकलं कारण त्याला हे माहीत असायला हवं होतं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तो विमा घेणाऱ्या माणसाचा असतो. तुम्ही इतकी वर्षं सांभाळून गाडी चालवलीत, क्लेम घेतला नाहीत, त्याची ती सवलत आहे, आणि गाडी कल्याणला गेली म्हणून ती गाडीच्या डिकीत बसून कल्याणला जात नाही. विकत घेणाऱ्याला तुमचा बोनस मिळत नाही, त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तुम्ही तुमचा बोनस लेखी घेऊन बाजूला ठेवू शकता. त्या कागदाला एनसीबी रिझर्व्हिंग लेटर म्हणतात, काही कंपन्या एनसीबी सर्टिफिकेट किंवा रिटेन्शन लेटर म्हणतात, काम एकच. हे पत्र साधारण तीन वर्षं चालतं. तुम्हाला दोन वर्षांनी गाडी घ्यायची आहे म्हणजे आरामात बसतंय. पत्रावर कुठल्या तारखेपासून तीन वर्षं धरलीयत ते मात्र नीट बघून घ्या आणि मोबाईलमध्ये त्याचा रिमाइंडर टाकून ठेवा, कारण मुदत गेली की परत शून्य, मग कितीही भांडा.

आता तुमच्या मित्राच्या सल्ल्याकडे येतो, कारण सगळ्यात धोकादायक सल्ला तोच आहे आणि तोच मला लोकांकडून वारंवार ऐकायला मिळतो. विकलेल्या गाडीची पॉलिसी स्वतःच्या नावावर चालू ठेवायची, वर्षाला हजार-दीड हजार भरत राहायचं, आणि बोनस वाचला म्हणून समाधान मानायचं. अहो, गाडी तुमची नाही तर विमा कशाचा? गाडी चोरीला गेली, पाण्यात बुडाली, ठोकली, तर त्यात तुमचं काहीच नुकसान होत नाही, म्हणजे विम्याच्या भाषेत त्या गाडीत तुमचं विमायोग्य हित राहिलेलं नाही, आणि तरीही तुम्ही दरवर्षी मालक म्हणून पॉलिसी घेताय. क्लेम आला की कंपनीचा सर्व्हेअर पहिलं आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) मागतो, मग गाडी कोण वापरत होता ते विचारतो, आणि तिथेच सगळं उघडं पडतं. असा 'साठवलेला' बोनस नवीन गाडीला लावलात आणि नंतर कळलं की चुकीची माहिती देऊन लावलाय, तर नवीन गाडीच्या डॅमेजचा क्लेमही नाकारला जाऊ शकतो. बोनस घेताना प्रपोजल फॉर्मवर तुम्ही सही करता ना, त्यात हे डिक्लेरेशन असतं, की माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे फायदे रद्द. लोक वाचत नाहीत ते. आणि नवीन कंपनी जुन्या कंपनीला विचारते सुद्धा.

आणि जे काम एका पत्राने होतं त्यासाठी दरवर्षी पैसे का भरायचे?

कल्याणच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं, की इन्शुरन्स आहे तसाच राहू दे, त्यामागचं कारण सांगतो. इथे पॉलिसीचे दोन भाग वेगळे करून बघावे लागतात. पॉलिसीची पीडीएफ उघडा, प्रीमियमचा तक्ता दिसेल, त्यात एका बाजूला ओन डॅमेज म्हणजे तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि दुसऱ्या बाजूला लायबिलिटी म्हणजे थर्ड पार्टी, तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा भाग. नो क्लेम बोनस ५० टक्के ही ओळ बघा कुठे आहे, ओन डॅमेजच्या बाजूला वजाबाकीत असेल. थर्ड पार्टीवर बोनस मिळत नाहीच, ते दर सरकार ठरवतं, ७५ ते १५० सीसीच्या बाईकला वर्षाला ७१४ रुपये आणि त्याच्या वर साडेतीनशे सीसीपर्यंत १,३६६, जून २०२२ मध्ये लागू झालेले हे दर, वर जीएसटी. तुमच्या तक्त्यात ओन डॅमेजची बाजूच नसेल, फक्त थर्ड पार्टी असेल, तर बोनसचा विषयच संपला. हे मुद्दाम सांगतोय कारण २०१९ च्या गाडीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागली होती (१ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या सगळ्या नवीन दुचाकींना लागते) आणि बरेच जण पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेज रिन्यू करायचं विसरून जातात, त्यांना वाटतं पाच वर्षांचा इन्शुरन्स आहेच की. तुमच्याकडे ५० टक्के दिसतोय म्हणजे तुम्ही नियमित रिन्यू केलंयत, छानच.

तर गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच नवीन मालकाकडे गेला असं धरतात, मोटार वाहन कायद्याचं कलम १५७. म्हणजे त्या गाडीने रस्त्यावर कोणाला धडक दिली तर त्या माणसाला भरपाई मिळण्याची सोय राहते. पण ओन डॅमेज आपोआप जात नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. नवीन मालकाने गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. तसं न केल्यास त्याची बाईक सहा महिन्यांनी कल्याण स्टेशनच्या बाहेरून चोरीला गेली तर त्याला क्लेम मिळणार नाही कारण पॉलिसी त्याच्या नावावर नाही, आणि तुम्हालाही मिळणार नाही कारण गाडी तुमची नाही. भरलेला प्रीमियम दोघांच्याही कामाचा नाही. पर्सनल अॅक्सिडेंटचं १५ लाखांचं कव्हर असतं ना, ते तर मालक-चालकाच्या नावाचंच असतं, ते त्याला वेगळं घ्यावं लागेल. म्हणजे तो पडला, काही बरंवाईट झालं, तर 'इन्शुरन्स चालू आहे' या भरवशावर बसलेल्या त्याच्या घरच्यांच्या हातात त्या कव्हरचा एक रुपयाही येणार नाही. ओळखीतला माणूस आहे म्हणता, तर त्याला हे बसून समजावून सांगाच.

तो टाळतोय कारण नावावर करताना त्याला थोडे पैसे भरावे लागतात, हे त्याला कोणीतरी सांगितलं असणार. किती, ते काढून दाखवतो. समजा तुमच्या पॉलिसीत बोनसच्या आधी ओन डॅमेज प्रीमियम २,४०० रुपये होता. ५० टक्के बोनस म्हणून १,२०० कमी झाले. ही सूट तुमची होती, त्याची नाही, त्यामुळे उरलेल्या सात महिन्यांची सूट कंपनी त्याच्याकडून वसूल करते. १,२०० चे बाराव्या हिश्शाने १०० रुपये महिना, सात महिन्यांचे ७००, वर जीएसटी आणि एन्डॉर्समेंटची, म्हणजे पॉलिसीतलं नाव बदलण्याची, किरकोळ फी. याला एनसीबी रिकव्हरी म्हणतात. बस, एवढंच आहे. एवढ्यासाठी घोंगडं भिजत ठेवण्यात काही अर्थ नाही. मी तर म्हणेन गाडीच्या किमतीत तेवढे कमी करा पण नावावर करायला लावा, कारण ती रिकव्हरी झाली की बोनस तुमच्याकडे राहिला याची नोंद होते आणि तुमचं पत्र निघायला अडचण येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ओन डॅमेजचा भाग रद्द करायचा, उरलेल्या महिन्यांचे पैसे कंपनीच्या नियमाने परत घ्यायचे, आणि थर्ड पार्टी गाडीबरोबर जाऊ द्यायची. थर्ड पार्टी मात्र अशी मध्येच बंद करता येत नाही आणि करूही नका, विनाविमा गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. आरसी. मला तुमच्या बोनसपेक्षा त्याची जास्त काळजी वाटतेय, खरंच.

बोनस म्हणजे तुमच्या बाबतीत हजार-बाराशे रुपये वर्षाला, नवीन गाडी महाग घेतलीत तर थोडे जास्त. आरसी तुमच्या नावावर राहिली तर प्रश्न लाखांचा होऊ शकतो. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती पण आरटीओच्या रेकॉर्डवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला, आणि कोर्टाने सांगितलं की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. त्याने गाडी कधीच विकलेली होती तरीही. आता विचार करा, कल्याणवाल्याने इन्शुरन्स संपल्यावर 'बघू बघू' करत रिन्यूच केला नाही, आणि गाडीने कोणाला उडवलं, तर पोलीस आरसीवरचा भांडुपचा पत्ता काढणार, त्याचा कल्याणचा नाही. ई-चलान तर तुमच्या मोबाईलवर येत राहतील ते वेगळंच, हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट, आणि फोन केला की तो म्हणणार भरतो ना भाऊ, महिनाअखेरीला भरतो.

म्हणून ओळखीतला असला तरी गाडी देताना डिलिव्हरी नोट करा, साधा कागद चालतो, त्यावर गाडीचा नंबर, इंजिन आणि चॅसिस नंबर, किंमत, तारीख आणि वेळसुद्धा (वेळ लिहाच, त्याच दिवशी संध्याकाळी काही घडलं तर तीच उपयोगी पडते), दोघांच्या सह्या, त्याच्या आधार कार्डची कॉपी. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तारीख भरलेली असू दे. कोरे फॉर्म सही करून कोणालाही देऊ नका, एजंटला तर नाहीच, कोऱ्या फॉर्मवर गाड्या चार हात फिरतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे काम फक्त घेणाऱ्याचं आहे असं समजू नका. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. तुमची गाडी एमएच ०३ म्हणजे वडाळ्याची असणार, त्याचं कल्याण म्हणजे एमएच ०५, पण राज्य एकच असल्यामुळे नंबर बदलावा लागत नाही. कर्ज काढून घेतली असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, नाहीतर तिथेच अडकेल. परिवहनच्या साईटवर अर्ज टाकताना आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू असू दे. आणि अर्ज टाकला म्हणजे काम झालं असं नाही, नाव बदललेलं स्क्रीनवर दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा बघत राहा. मी तर सांगेन शेवटचे पाचेक हजार नाव बदललं की घे असं ठरवून घ्या, आपलेपणात वाईट दिसतं असं वाटेल पण उद्या भांडण होण्यापेक्षा ते बरं.

त्याचा व्यवहार फिसकटला आणि गाडी जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरला द्यायची वेळ आली तर एक बघा. १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकृत केलेले डीलर असतात, तुम्ही गाडी दिल्याची ऑनलाईन सूचना दिली की तिथून पुढे जबाबदारी त्या डीलरची होते. तसा अधिकृत आहे का हे विचारा, प्रमाणपत्र दाखवायला सांगा. नुसतं 'टेन्शन घेऊ नका साहेब, नावावर करून देऊ' यावर गाडी सोडू नका.

आता तुमचं पत्र. विमा कंपनीला ईमेल करा, एजंटला तोंडी सांगून सोडून देऊ नका. ईमेलमध्ये पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, विक्रीची तारीख, आणि एक सरळ वाक्य, की गाडी विकली आहे, एनसीबी रिझर्व्हिंग लेटर द्यावं. सोबत पॉलिसीची कॉपी, फॉर्म २९-३० ची पोच किंवा नवीन मालकाच्या नावाची आरसी, डिलिव्हरी नोट. काही कंपन्या जुनी आरसी, काही ओळखपत्र मागतात, जे मागतील ते द्या. पत्र आलं की त्यावर तुमचं नाव, टक्केवारी आणि क्लेम नाही असं लिहिलंय ना ते तपासा. नावाचं स्पेलिंग आधारसारखंच हवं, दोन वर्षांनी कोण शोधत बसणार. कंपनीने महिनाभर उत्तरच दिलं नाही किंवा विनाकारण नाही म्हटलं, तर आधी त्यांच्या तक्रार विभागाला लिहा, मग इर्डाच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर टाका, तरीही नाही झालं तर विमा लोकपालांकडे, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझला आहे आणि तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

गाडी विकली जाईपर्यंत दोन गोष्टी सांभाळा. गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला आणि मध्येच पॉलिसी संपली तर ९० दिवसांच्या आत रिन्यू करा, ९० दिवस उलटले की बोनस गेला, मग पत्र कशाचं मागणार. आणि विकण्याआधी गाडी जरा बरी दिसावी म्हणून टाकीचा पोचा काढायला, इंडिकेटर बदलायला क्लेम टाकू नका, हजारभर रुपयांच्या कामासाठी ५० टक्के घालवाल. तेवढं खिशातून करा. मोठं नुकसान झालं, पावसात गाडी बुडून इंजिनमध्ये पाणी गेलं, तर मात्र क्लेम घ्याच, तिथे बोनस वाचवत बसू नका, विमा त्यासाठीच घेतलाय.

राहिला बायकोच्या स्कूटरचा प्रश्न. बोनस तुमच्या नावाचा आहे, स्कूटर वहिनींच्या नावावर घेतलीत तर तो तिथे लागणार नाही. नवरा-बायको असलात तरी नाही, मालक वारला आणि गाडी वारसाकडे आली तर तो अपवाद आहे, तो विषय वेगळा. कारलाही लागणार नाही, दुचाकीचा बोनस दुचाकीलाच. स्कूटर चालते, बाईकच हवी असं नाही, फक्त आरसी तुमच्या नावावर हवी. मग वहिनींनी रोज चालवली तरी हरकत नाही, लायसन्स तेवढं हवं. पण माझं विचाराल तर हजार-बाराशे वाचवायला स्कूटर तुमच्या नावावर घेऊ नका. वहिनी रोज चालवणार असतील तर गाडी त्यांच्याच नावावर असू दे. मालक-चालकाचं ते १५ लाखांचं कव्हर त्यांच्या नावाने राहील, आणि त्यांचा स्वतःचा बोनस पहिल्या वर्षापासून सुरू होईल, पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०.

तुम्ही स्वतःसाठी बाईक घ्याल तेव्हा शोरूममध्ये बुकिंगच्या वेळीच पत्र दाखवा. तिथला इन्शुरन्सवाला मुलगा बिल तयार करताना बोनस शून्य धरूनच पॉलिसी काढतो कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि पॉलिसी निघाल्यावर पत्र दिलंत तर दुरुस्ती करून घ्यायला हेलपाटे. कंपनी जुनीच हवी असंही नाही, पत्र कुठल्याही कंपनीला चालतं, आणि शोरूमकडूनच इन्शुरन्स घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, त्यामुळे बाहेरून दोन कोटेशन काढा आणि प्रत्येक ठिकाणी ओन डॅमेजचा आकडा बोनस धरून किती होतो तेवढाच विचारा, एकूण रक्कम बघून फसायला होतं कारण त्यात पाच वर्षांची थर्ड पार्टी मिळवलेली असते.